मदत हवी आहे: कबड्डीच्या मुलींना बाजूच्या हालचालींची ताकद कशी द्यावी?

नमस्कार मंडळी,

गावातल्या मुलींच्या कबड्डी संघाचा व्यायाम मी घेते. मुली चौदा ते सतरा वर्षांच्या. साहित्य म्हणजे थोडे डंबेल, एक बार आणि रबर बँड. जोर, बैठका, पुढचे लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), डेडलिफ्ट (कमरेतून वाकून जमिनीवरचा बार उचलणं) आणि धावणं असा क्रम चालतो. ताकद वाढल्याचं पकडीत स्पष्ट दिसतं. पण कोपऱ्यात खेळणाऱ्या दोघींना बाजूला झेपावताना जांघेजवळ, मांडीच्या आतून ओढ लागते.

व्यायामांची यादी पुन्हा तपासली. बैठक असो, लंज असो की डेडलिफ्ट, खुब्याचा सांधा मुख्यतः एकाच दिशेत चालतो: मांडी पुढे येते, मागे जाते. खेळात मात्र कोपरा सांभाळणारी मुलगी सतत डावी-उजवीकडे सरकते, चढाई करणारी एका पायावर गर्रकन वळते. म्हणजे पाय बाहेर नेणं, आत ओढणं आणि मांडी सांध्यात फिरवणं यांचा सराव फक्त मैदानावरच होतो, तोही पूर्ण वेगात. मला हे फार काळजीचं वाटतं.

कशापासून सुरुवात करू? बैठका कमी कराव्यात का?

प्रतिसाद:
ताई, आधी त्या दोघींना फिजिओथेरपिस्टला दाखवा. उताणं झोपून, गुडघे वाकवून मध्ये मूठ दाबताना दुखलं तर मांडीच्या आतला स्नायू तक्रार करतोय असं समजा आणि तोवर झेपा बंद ठेवा. बाकीच्यांना बाजूचा लंज सुरू करा, आधी वजनाशिवाय. पुढे कोपनहेगन प्लँक: कुशीवर, वरचा पाय बाकावर, कंबर उचललेली. सुरुवातीला बाकावर पाऊल नको, गुडघा टेकवा. भार पुष्कळ कमी होतो. नॉर्वेतल्या पुरुष फुटबॉल संघांवरच्या 2019 च्या अभ्यासात या एका व्यायामाने जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी घटला होता. मुलींचा अभ्यास नाही तो, पण आत ओढणारे स्नायू तेच.

प्रतिसाद:
बैठका मुळीच कमी करू नका. त्यांच्या जोडीला गुडघ्यांच्या वर बँड लावून बाजूला चालवा. खुब्याच्या बाहेरचा स्नायू त्याने तयार होतो. एका पायावर उभं असताना कंबर कलू न देणं हे त्याचंच काम, आणि तो कमकुवत असला की उडी मारून उतरताना गुडघा आत पडू शकतो. मुलींच्या गुडघ्याच्या लिगामेंटसाठी (हाडं जोडणाऱ्या पट्ट्यासाठी) हे फार जपायला हवं. वळण्यासाठी जमिनीवर बसून दोन्ही गुडघे काटकोनात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टेकवणं, सावकाश.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. दोघींना उद्याच दाखवते. प्लँक सामन्यांच्या दिवसांतही चालू ठेवायचा का?

प्रतिसाद:
हो, पण आठवड्यातून एकदाच, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी नको. सामने सुरू होण्याआधीच्या सहा-आठ आठवड्यांत दर आठवड्याला दोन-तीनदा घ्या. पहिल्या आठवड्यात मांड्या चांगल्याच दुखतील, हे मुलींना आधीच सांगून ठेवा.