आठवीच्या वर्गात ज्यू समाजाबद्दल कसं शिकवावं?

आठवीची_बाई
अल्पसंख्याक समाजांवर तीन तासिका घ्यायच्या आहेत. गेल्या वर्षी ज्यूंबद्दल सांगताना मी थेट हिटलरपासून सुरुवात केली. तास संपताना एका मुलाने विचारलं, "बाई, मग आता कोणीच उरलं नाही का?" तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. या वेळी कुठून सुरुवात करू?

अष्टागरची_लेक
बाई, मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. तुम्ही विचारलंत, फार बरं वाटलं. आडनावांपासून सुरू करा. पेणकर, रोहेकर, दिवेकर फळ्यावर लिहा आणि ही माणसं कोण असतील ते मुलांनाच विचारा.

आमच्यात सांगतात, अलिबागकडच्या नवगावजवळ जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे कोकणात तेल गाळायचा धंदा धरला. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. हिब्रू विसरली, शनिवार नाही सुटला. इथे जरा थांबा, घाईने पुढे जाऊ नका.

माझी आजी मराठीच बोलायची. योम किप्पूरला, म्हणजे आमच्या उपवासाच्या, प्रायश्चित्ताच्या दिवसाला, 'दारफाळणीचा सण' म्हणायची. मलिदा म्हणजे आमचा नैवेद्यासारखा विधी, त्याच्या ताटात भिजवलेले पोहे, साखर, वर खवलेला नारळ, भोवती फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन आशीर्वाद म्हटल्याशिवाय आम्हा पोरांना ताटाला हात लावू द्यायची नाही.

होलोकॉस्ट, म्हणजे हिटलरच्या राजवटीतला ज्यूंचा संहार, शिकवाच, पण दुसऱ्या तासाला. आधी माणसं भेटू देत.

निवृत्त_मास्तर
ताईंशी सहमत. 2016 मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो नागरिकशास्त्राला जोडा. इतक्या थोड्या लोकांना वेगळा दर्जा कशासाठी, यावर मुलं छान भांडतात, भांडू द्या. अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) दाखवायला नेणार असाल तर आधी विचारून जा, आणि शनिवार नको. अजून एक, वर्गात त्या समाजाचं मूल असेल तर त्याला उभं करून "तू सांग" म्हणू नका.

अष्टागरची_लेक
सर, अगदी बरोबर. सातवीत मला उभं केलं होतं, "हिब्रूत काहीतरी म्हणून दाखव." मला फक्त शमा, ही आमची रोजची हिब्रू प्रार्थना, येत होतं. घाबरत घाबरत म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन खूप रडले. आजी ते रात्री झोपताना, डोळ्यांवर हात ठेवून म्हणायची.

आठवीची_बाई
ताई, हे बरं झालं सांगितलंत. पहिला तास आडनावांचा, ठरलं. कोणालाही उभं करणार नाही.