मदत हवी आहे: नऊ खाटांच्या हॉस्पिसचा दर्जा दोन तासांत कसा जोखावा?

पानगळ

एका छोट्या हॉस्पिसकडे (बरं न होणाऱ्या आजारातल्या रुग्णांना शेवटच्या काळात आराम देणारी जागा) रुग्ण पाठवायचे की नाही, हे आमच्या संस्थेला ठरवायचं आहे. नऊ खाटा आहेत आणि घरी जाऊन सेवा देणारं एक पथकही आहे. त्यांनी पाठवलेल्या पत्रकात गेल्या वर्षीचे आकडे असे: दाखल रुग्ण ३१, नवीन बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) ०, वेदना नियंत्रण १०० टक्के, नातेवाइकांचं समाधान ५ पैकी ४.९ (११ फॉर्म). पाहणीसाठी दोन तास मिळणार आहेत.

इमारत, बाग, पडदे यांबद्दल विचारत नाही, ते डोळ्यांना दिसेलच. मला हवं आहे ते असं: हे आकडे कितपत धरायचे? दोन तासांत नेमकं काय तपासायचं? आणि आपण दिवसा जाणार, तर रात्री काय चालतं ते कसं कळणार?

आकडेमोड

आकड्यांपुरतं सांगतो. एखादी गोष्ट इतक्या रुग्णांत एकदाही घडली नाही असं कोणी म्हणालं, की ३ ला त्या रुग्णसंख्येने भागा. इथे ३ भागिले ३१, म्हणजे जवळजवळ १० टक्के. म्हणजे बेडसोरचं खरं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास असतं, तरीही एखाद्या वर्षी ३१ जणांत शून्य दिसू शकतं. उलट, एका रुग्णाला बेडसोर झाला की आकडा एकदम ३.२ टक्क्यांवर जातो. इतक्या लहान संख्येत टक्केवारीला अर्थच उरत नाही. टक्के बाजूला ठेवा आणि एकेका रुग्णाचा कागद वाचा.

तरी तीन प्रश्न जरूर विचारा. १०० टक्के कशाचे? प्रामाणिक मोजमाप असं असतं: दाखल होताना ज्यांची वेदना १० पैकी ४ किंवा जास्त होती, त्यांच्यापैकी किती जणांना ४८ तासांत आराम पडला. जे बोलू शकत नव्हते आणि जे ४८ तासांच्या आत गेले, त्यांना कुठे धरलं? दुसरं, ३१ पैकी ११ च फॉर्म का, आणि ते कधी भरून घेतले? रुग्ण खाटेवर असताना नर्सच्या समोर कोणीही पाचच गुण देणार. मृत्यूनंतर सहा आठवडे ते तीन महिने उलटल्यावर विचारलं तर उत्तराला काही किंमत. तिसरं, बेडसोर शून्य कसे मोजले? दाखल होताना अंगावरच्या जखमा शरीराच्या आकृतीवर खुणा करून नोंदवल्या नसतील, तर 'नवीन' आणि 'आधीचा' हा फरक करणारच कसा? शेवटच्या दिवसांत रक्तपुरवठा कमी होऊन माकडहाडावरची त्वचा उत्तम काळजी घेऊनही फाटू शकते. त्यामुळे मला शून्यापेक्षा दोन-तीन नीट नोंदवलेले बेडसोर जास्त विश्वासाचे वाटतात.

रात्रपाळी

आकडेमोड यांच्याशी सहमत. कागदच वाचायचे, पण कुठले वाचायचे ते तुम्ही ठरवा. 'दोन-चार केस दाखवा' म्हणालात तर सगळ्यात चांगल्या निघतील. सलग शेवटचे पाच मृत्यू मागा. नावं झाकलेली असावीत, आणि पानं नर्सनेच उलटून दाखवली तरी चालेल. त्यात खालच्या गोष्टी शोधा.

आधी पहिले २४ तास. वेदनेचा आकडा कधी लिहिला, पुन्हा कधी लिहिला? रुग्ण बोलत नसेल तर श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतो का, या पाच गोष्टींवरून ० ते १० गुण देतात. तशी काही नोंद आहे, की नुसतं 'रुग्ण शांत'? औषध दिल्यावर परत विचारलं का? तोंडाने दिलेल्या मॉर्फीनचा परिणाम तासाभरात कळतो, त्वचेखाली दिलेल्याचा अर्ध्या तासात. दिलेल्या डोसची नोंद आहे आणि नंतरची वेदना कोरी आहे, ही सगळ्यात सर्रास दिसणारी ढिलाई.

मग डोस. दर ४ तासांनी १० मिलिग्रॅम साधं मॉर्फीन तोंडाने चालू असेल तर २४ तासांचे ६० मिलिग्रॅम होतात. मध्येच उसळणाऱ्या वेदनेचा एसओएस (गरज लागेल तेव्हाचा) डोस त्याच्या दहाव्या ते सहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ६ ते १० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस २० केला तर एसओएसही १२ ते २० व्हायला हवा. तो जुन्याच आकड्यावर राहतो आणि मग 'मॉर्फीन लागू पडत नाही' असा शेरा येतो. ही चूक मोठ्या रुग्णालयांतही होते, पण तिथे दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात येते. नऊ खाटांत ते दुसरं कोणी नसतं. दिवसात तीनपेक्षा जास्त एसओएस लागले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचा डोस वाढलेला नाही, असं दिसलं तर का ते विचारा.

मॉर्फीन सुरू झालं त्याच तारखेला रेचकही सुरू झालेलं दिसलं पाहिजे. मळमळ बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता होत नाही. शौचाची नोंद रोज हवी. तीन दिवस कोरे असतील आणि त्याच कागदावर चौथ्या दिवशी 'रुग्ण अस्वस्थ, झोपेचं औषध दिलं' असेल, तर काम कसं चालतं ते तुम्हाला कळलं. अस्वस्थ रुग्णाला गुंगी देण्याआधी लघवी तुंबली आहे का आणि शौच अडकलं आहे का, हे बघायचं असतं.

शेवटचे तीन दिवस. गिळता येईना झालं की कोलेस्टेरॉलच्या आणि तसल्या गोळ्या बंद केलेल्या दिसतात का? मॉर्फीन तोंडावाटे बंद करून त्वचेखाली सुरू करताना २४ तासांची मात्रा निम्मी करतात, काही ठिकाणी तिसरा हिस्सा. तोंडाने १२० होतं तर सुईने ६० किंवा ४०. १२० चे १२० च लिहिलेले दिसले तर ती दुप्पट-तिप्पट मात्रा झाली. तोंडाची निगा दर २ ते ४ तासांनी हवी. आणि घशातली घरघर सुरू झाल्यावर काय केलं तेही बघा: कुशीवर वळवणं, ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसीन (घशातला स्राव कमी करणारी औषधं), घरच्यांना समजावणं, हा क्रम बरोबर. तासातासाला सक्शन (नळीने स्राव ओढून काढणं) लावल्याच्या नोंदी असतील तर तो त्रास रुग्णालाच झाला.

औषधपेटी

कपाटही उघडायला लावा. मॉर्फीन रजिस्टरमध्ये चालू शिल्लक, दोन सह्या आणि फुटलेल्या किंवा अर्ध्या वाया गेलेल्या अँप्यूलची नोंद असते. कुठलीही एक ओळ निवडून तीच वेळ रुग्णाच्या चार्टवर आहे का ते जुळवा. तोंडाने घ्यायचं मॉर्फीन ठेवतच नाहीत असं ऐकलंत तर ते मायेने चालवलेलं शुश्रूषागृह असेल, हॉस्पिस म्हणणार नाही. याखेरीज मिडाझोलम (गुंगीचं), हॅलोपेरिडॉल (उलटीचं आणि भ्रमाचं), घरघरीचं एक औषध, डेक्सामिथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) हे इंजेक्शनरूपात हवंच. मुदती बघा. शिवाय साठा किती दिवसांचा, आणि लागोपाठ सुट्ट्या आल्या तर पुढचा कुठून, हेही विचारा.

सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध हळूहळू, सतत सोडणारं यंत्र) असेल तर राखीव पंप आणि बॅटऱ्या आहेत का? सुईची जागा आणि सिरिंजमधलं उरलेलं औषध साधारण दर ४ तासांनी तपासून लिहितात का? डेक्सामिथासोन आणि मिडाझोलम एकाच सिरिंजमध्ये भरल्याची नोंद सापडली तर खटकलं पाहिजे, कारण ते मिश्रण गढूळ होऊन साका धरतं. हे नर्सला सहज विचारून बघा, उत्तर लगेच यायला हवं.

पानगळ

त्यांच्याकडे सिरिंज पंप एकच आहे असं फोनवर म्हणाले. एवढ्यावर फुली मारायची का?

औषधपेटी

अजिबात नाही. त्वचेखाली बटरफ्लाय सुई बसवून दर ४ तासांनी औषध देता येतं, रुग्णाला प्रत्येक वेळी टोचावं लागत नाही. पंप सोयीचा आहे, अनिवार्य नाही. पण मग रात्री दोन वाजताचा डोस द्यायला जागी आणि प्रशिक्षित नर्स लागते. म्हणून 'पंप किती'पेक्षा 'रात्री इंजेक्शन कोण देतं' हे विचारा.

रात्रपाळी

रात्रीचंच सांगायला आले होते. नऊ खाटांना रात्री किमान एक प्रशिक्षित नर्स आणि एक मदतनीस, हे माझं मत. कारण साधं आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला दोघं लागतात. नर्स एकटीच असेल तर ते काम होत नाही किंवा ओढाताण होऊन त्वचा सोलते.

मागच्या महिन्यातल्या कुठल्याही तीन रात्रींचे कूस बदलल्याचे तक्ते मागा. १०, १२, २, ४, ६ अशा गोल वेळा, एकच शाई, एकच हात, जराही खाडाखोड नाही? मग तो तक्ता सकाळी सहाला बसून भरलेला आहे. खरा तक्ता १०:१०, १२:३५, २:२० असा वाकडातिकडा असतो. त्यात कुठे तरी 'वळवलं नाही, हलवलं की दुखतं, एसओएस देऊन अर्ध्या तासाने वळवलं' असं लिहिलेलं सापडलं तर ती नर्स जपून ठेवण्यासारखी आहे. चांगली गादी असेल तर दोन तासांऐवजी चार तासांचं अंतरही चालू शकतं, पण रुग्णागणिक तसं कोणी तरी ठरवून लिहिलेलं हवं.

जमलं तर दुपारच्या दोन तासांऐवजी पाळी बदलण्याची वेळ मागून घ्या. हँडओव्हर ऐकलात की निम्मं कळतं. 'तीन नंबर स्टेबल, चार नंबर स्टेबल' एवढंच ऐकू आलं तर काही खरं नाही.

उंबरठा

घरी जाणाऱ्या पथकाबद्दल. आधी वेळेचा हिशोब करा. एका नर्सची ८ तासांची पाळी, एका घरी पाऊण ते एक तास, वर प्रवास आणि नोंदी. पाच, फार तर सहा घरं होतात. एक नर्स दिवसाला बारा घरं करते असं अभिमानाने सांगितलं, तर ती इंजेक्शन देऊन निघते आहे.

रात्रीच्या फोनची परीक्षा घ्याच, पण चोरून नको. व्यवस्थापकांना आधी सांगा, येत्या पंधरा दिवसांत एका रात्री फोन करू, कुठल्या ते सांगणार नाही. फोन कोण उचलतं, उचलणाऱ्याला रुग्णाची माहिती समोर दिसते का, नर्सचा उलट फोन किती मिनिटांत येतो, एवढं टिपा. पंधरा मिनिटं ठीक, तास फार. 'सकाळी डॉक्टरांना सांगतो' हे उत्तर नव्हे.

घरात आगाऊ ठेवलेली औषधपेटी असते का तेही विचारा. त्यात एसओएस मॉर्फीन, अस्वस्थतेचं, उलटीचं आणि घरघरीचं औषध, गुदमार्गाने द्यायच्या रेचकाच्या आणि तापाच्या गोळ्या असतात. सोबत घरच्यांच्या भाषेत एक कागद: काय झालं तर काय, किती आणि किती वेळाने परत. नुसतं 'गरजेनुसार' लिहिलेलं असेल तर घाबरलेला माणूस रात्री तीनला ते औषध देतच नाही, किंवा चारदा देतो.

ऑक्सिजन यंत्रावर असलेल्या रुग्णाची वीज गेली तर काय? १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास पुरतो, ५ लिटरने पाचच तास. हा हिशोब घरच्यांना करून दिलेला असतो का? आणि दम लागलेल्या पण ऑक्सिजनची पातळी चांगली असलेल्या रुग्णाला चेहऱ्यावर छोटा पंखा आणि थोडं मॉर्फीन देतात, की सरसकट नळी लावतात?

रात्रपाळी

एक प्रश्न राहिला, तो डॉक्टरांना न विचारता वॉर्डातल्या नर्सला विचारा. 'कॅन्सरचा एक रुग्ण काल चालत होता. आज पाठ भयंकर दुखते आहे आणि पायांत जोर नाही. काय कराल?' मणक्यात मज्जारज्जू दाबला गेल्याची ही लक्षणं. डॉक्टरांना आत्ता फोन, बहुधा डेक्सामिथासोन १६ मिलिग्रॅम, आणि रुग्ण सावरण्यासारखा असेल तर त्याच दिवशी एमआरआय व रेडिएशनसाठी हलवणं, असं काही उत्तर आलं पाहिजे. 'आता शेवटच आहे, आराम देतो' असं आलं तर ते लोक मरणाची वाट बघत बसलेले आहेत. उरलेले दोन महिने चालत काढायचे की आडवं पडून, हे त्या एका दिवसात ठरतं.

याच कारणासाठी गेल्या वर्षी किती रुग्ण बरं वाटून घरी परतले, तेही विचारा. एकही नसेल तर रुग्ण फार उशिरा येतात किंवा इथून परत जाता येतं हे कोणाला माहीतच नाही.

आकडेमोड

छोट्या जागेचा खरा धोका एका माणसावर अवलंबून असणं. मॉर्फीन लिहून देणारा डॉक्टर एकच असेल तर तो आजारी पडल्यावर सही कोणाची? नाव आणि फोन नंबर भिंतीवर लावलेला हवा, 'बघू, कोणी तरी येतं' नको. एकाच रात्री दोन रुग्ण अत्यवस्थ झाले तेव्हा काय केलं, हेही विचारा. नऊ खाटांत असं कधीच झालं नाही, हे पटण्यासारखं नाही.

पानगळ

सगळ्यांचे आभार. त्यांच्याशी बोलणं झालं. सलग पाच मृत्यूंचे कागद नावं झाकून दाखवतील, हँडओव्हरलाही बसू देतील. मॉर्फीन रजिस्टर मात्र बाहेरच्यांच्या हातात देणार नाही म्हणाले.

औषधपेटी

त्यात काही वावगं नाही, त्या रजिस्टरमध्ये रुग्णांची नावं असतात. त्यांच्याच दोन नर्सनी तुमच्यासमोर अँप्यूल आणि गोळ्या मोजाव्यात आणि वहीतली शिल्लक मोठ्याने वाचावी, एवढं मागा. पाच मिनिटांचं काम आहे. एखादी अँप्यूल कमी भरली तर लगेच शंका घेऊ नका, आज सकाळी दिलेला डोस अजून वहीत चढवायचा राहिला असेल. पण ती फरक सापडलेली नर्स तिथल्या तिथे चार्ट काढून कारण शोधते, की 'नंतर जुळवतो' म्हणत कपाटाला कुलूप लावते, ते बघा.