पत्राकामाची हत्यारं घरच्या घरी: आपापले अनुभव लिहा

पत्र्याला पोट काढणं (गोल फुगवटा आणणं), कडा आत घेणं, सरळ बेंड मारणं, या कामांची बरीचशी हत्यारं घरी बनतात. कोल्हापुरात तर माल हाताशी आहे: उद्यमनगरात लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्या, चपलांच्या धंद्यामुळे जाड चामडं. हत्यार कोणतं, माल कुठला, मापं काय आणि काम कुठे बिघडतं तेवढं लिहा. विकतच्या मशिनींची चर्चा इथे नको.

चामड्याचं काम करणारे

पत्रा वर ठेवून ठोकायच्या वाळूच्या पिशवीला चपलेच्या तळाचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं २.५ ते ३ मिमी चामडं घ्या. ३०० मिमी व्यासाचे दोन गोल कापा, काठापासून ८ मिमी आत मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिलाई घाला, वाळू भरायला ६० मिमी तोंड ठेवा. आत कॅनव्हासची वेगळी पिशवी शिवली तर शिवणीतून धूळ येत नाही. भरताना पाऊण भाग भरा. मूठ दाबली की खळगा तसाच राहिला पाहिजे. गच्च भरलेली पिशवी ठोका परत फेकते आणि पत्रा बसतच नाही.

वाळू कोरडी, बारीक, चाळलेली सिलिका. फाउंड्रीतली साच्याची वापरलेली वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. त्यात बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते. ती ओल धरते, आत घट्ट बसते आणि काळं बाहेर येत राहतं.

गाडीचं बॉडीकाम

वरच्या पिशवीला पूरक म्हणून बाभळीचा ओंडका ठेवाच. ३०० मिमी व्यास, लाकडाच्या रेषा उभ्या. वरच्या तोंडाला १०० ते १२० मिमी रुंद, २० ते २५ मिमी खोल खळगा ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने (एमरीच्या पाकळ्यांची चकती) काढा. खळग्याचा काठ गोल केला नाही तर पत्र्यावर रेघ पडते, ती पुढे कशानेच जात नाही. पिशवीवर कडेच्या चुण्या पसरतात, खळग्यात त्या धरून मोगरीने बसवता येतात, म्हणजे पत्रा आत येतो. चुणी एकावर एक चढू देऊ नका, तिथेच चीर पडते. ओंडका वाळताना फुटतो, म्हणून दोन्ही तोंडांना मेण चोपडा आणि वर लोखंडी पट्टा तापवून चढवा.

स्लॅपरला (पत्रा थापून सपाट करायची चपटी पट्टी) जुन्या गाडीचा कमानपाटा, ६ मिमी जाड, ३५० लांब. मुठीकडचं टोक लाल करून ४० मिमी वर उचलून वाकवा, म्हणजे बोटं पत्र्याला लागत नाहीत. नंतर पाण्यात बुडवू नका, स्प्रिंगचं पोलाद ठिसूळ होऊन तुटतं. राखेत हळू गार होऊ द्या. तोंड ८०, १२०, २४०, ४०० अशा एमरीने घासून बफ मारा. गंजाचे खड्डे पूर्ण गेले पाहिजेत.

टर्नर, उद्यमनगर

इंग्लिश व्हील म्हणजे दोन चाकांमध्ये पत्रा दाबून फिरवत गोलाई आणायचं हत्यार. त्याचं वरचं चाक २०० मिमी, रुंदी ५०, तोंड सपाट. खालचं ७५ मिमी, गोलाईचं. खालच्या चाकाची मधली १० मिमी पट्टी सपाट ठेवली की पत्र्यावर रेघा उठत नाहीत.

वरचं चाक बिडात (ओतीव लोखंडात) ओतून घेत असाल तर सगळीकडे ५ मिमी जादा माल ठेवायला सांगा. बिडाच्या कातडीखाली हवेची छिद्रं असतात, ती शेवटच्या कटाला उघडी पडतात. टाचणीच्या टोकाएवढं छिद्रसुद्धा दर फेऱ्याला ठसा सोडतं. ते वेल्डने भरू नका, तिथलं बीड कडक होतं, टूल घसरतं आणि उंचवटा राहतो. असं चाक बाजूलाच ठेवलेलं बरं. खालच्या चाकांना ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा गोल बार वापरा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ६२०४ बेअरिंगची ४७ मिमी घरं दोन्ही बाजूंनी बोअर करा, बेअरिंग बसवा, मग २० मिमीच्या शाफ्टवर तोंडाचा शेवटचा कट घ्या. रनआउट (फिरताना तोंडाचं वरखाली होणं) ०.०५ मिमीच्या आत हवा.

फॅब्रिकेशनवाले

चाकं कितीही चांगली असली तरी चौकट लवली की सगळं वाया. १०० × १०० × ६ चा बॉक्स (चौकोनी पाइप) घ्या आणि घसा (चाकांपासून मागच्या खांबापर्यंतची खोली) ४५० मिमीवर थांबवा. घसा वाढवला की दाब दिल्यावर चौकट उघडते आणि वरचं चाक तिरकं होतं. तपासायला १ मिमी ॲल्युमिनियमची ३० मिमी पट्टी फिरवा. ती विळ्यासारखी एका बाजूला वळली तर दोन्ही शाफ्ट समांतर नाहीत. खालचं चाक धरणाऱ्या पाळण्याखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून दुरुस्त होतं.

बेंडरला (पत्रा सरळ रेषेत वाकवायचं हत्यार) ५० × ५० × ६ अँगल, लांबी ६००, एवढ्यावर २० गेज (सुमारे ०.९ मिमी) पत्रा वाकतो. बिजागरीच्या पिनेचा मध्य बेंडच्या रेषेवरच हवा, खाली गेला तर पत्रा ओढला जाऊन ओरखडे पडतात. मध्येच बेंड कमी बसतो, कारण अँगल पोटात लवतो. मागे दुसरा अँगल उभा वेल्ड करा, पण टाके आलटून पालटून, नाहीतर अँगलच वाकेल.

भांड्यांचं काम

ठोकून कडक झालेल्या ॲल्युमिनियमवर कपड्याचा साबण घासा. खालून आच द्या, साबण काळा पडला की थांबा. पुढे गेलात तर पत्रा वितळून खाली बसतो. तांबं मंद लाल करून पाण्यात टाकलं तरी मऊच होतं. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा मात्र तापवू नका, जस्ताचा धूर अंगात ताप आणतो. सरावाला सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला पोलादी) पत्रा घ्या.