मोल्सवर्थ घ्यायचा, पण कुठली प्रत?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची ऑनलाइन मिळणारी स्वस्त छापील प्रत घ्यावी का, हा प्रश्न आहे. आधी आवृत्ती बघा. पहिली १८३१ची, दुसरी १८५७ची. सुधारून वाढवलेली दुसरीच घ्या. विक्रेत्याने साल दिलं नसेल तर आतल्या शीर्षकपानाचा फोटो मागवा.

मागणीनुसार छापणारे बहुतेक जण जुन्या प्रतीचं स्कॅन जसंच्या तसं छापतात. त्याला हरकत नाही. गोची आकारात होते. मूळ ग्रंथ मोठा. तो सहा बाय नऊ इंचांत कोंबला की बारीक टाइप आणखी बारीक होतो, अनुस्वार कुठला आणि स्कॅनचा डाग कुठला ते कळत नाही. ओसीआर करून, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, नव्याने जुळवलेली प्रत तर फुकट मिळाली तरी नको. एकाच ओळीत रोमन आणि देवनागरी आली की त्याची भंबेरी उडते.

बांधणीही विचारा. एवढा जाड कोश नुसत्या गोंदावर असेल तर सारखा उघडून पाठ तडकते आणि पानं सुटतात. शिवलेला असेल तर टिकतो.

पार्सल आलं की परतीची मुदत संपायच्या आत पृष्ठांक सलग चाळा. स्कॅन करणाऱ्याने दोन पानं एकदम उलटली असतील तर मधली पृष्ठं गायब असतात.

अधूनमधून एखादा शब्दच बघायचा असेल तर पैसे कशाला घालवता? शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात १८५७चीच आवृत्ती मोफत आहे. शोधताना लेखन मात्र जुनं ठेवा: 'काटा' सापडला नाही तर 'कांटा' टाका.