जुना गॅस ग्रिल उघड्यावर ठेवायचा आहे, गंजापासून कसा जपावा?

अंगणवासी

नमस्कार मंडळी. साधारण १९७०-८० च्या काळातला गॅस ग्रिल नीट करून वापरात आणायचा आहे. पेटी आणि झाकण ओतीव अॅल्युमिनियमचं, बर्नर आणि वरच्या जाळ्या बिडाच्या, पाय रंगवलेल्या लोखंडी नळीचे, मूठ लाकडी. बर्नरच्या वर एक पातळ जाळी आणि तिच्यावर लाव्हा दगड. ग्रिल बाहेरच राहणार, वर छप्पर नाही.

बर्नरवर तांबूस खपल्या आहेत. पायांच्या तळाशी रंगाला फोड आलेत. बिजागरीचे स्क्रू जाम आहेत आणि त्यांच्याभोवती पांढरी भुकटी साचली आहे. झाकणाच्या आतून काळे पोपडे गळतात.

उष्णता सोसणारा रंग आतून-बाहेरून सगळीकडे मारून टाकला तर चालेल का? कव्हर घालूनही आत ओल सापडते, ती कुठून येते? आणि गॅसची नळी व रेग्युलेटर मूळचेच आहेत, ते ठेवावेत का?

निळी ज्योत

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो मिटल्याशिवाय ग्रिल पेटवूच नये. नळी आणि रेग्युलेटर दोन्ही बदला, वरून धडधाकट दिसले तरी. जुनं रबर कडक होतं, वाकवलं की तडकतं, आणि रेग्युलेटरच्या आतला पडदाही रबराचाच असतो. नवा घेताना ग्रिलच्या पाटीवर लिहिलेला वायू आणि दाब जुळवून घ्या. जेट म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी; नैसर्गिक वायूच्या जेटचं भोक प्रोपेनच्या जेटपेक्षा मोठं असतं. तो जेट तसाच ठेवून प्रोपेन जोडला तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस येतो आणि ज्योत पिवळी, उंच आणि काजळी धरणारी होते.

रेग्युलेटरवर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, ते खाली तोंड करून बसवा. वर राहिलं तर पावसाचं पाणी आत शिरतं, स्प्रिंग गंजते आणि दाबावर भरवसा राहत नाही.

जोडणी झाली की एक भाग भांड्यांचा द्रवसाबण आणि दोन भाग पाणी असं मिश्रण ब्रशने प्रत्येक सांध्याला लावा. ग्रिलचे नॉब बंद, सिलिंडर उघडा. बुडबुडा फुगत राहिला तर तिथे गळती आहे. काडी पेटवून तपासणी कधीही नको. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणसुद्धा नको, त्याने पितळेला तडे जातात.

बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात. मग गॅस पुढे न जाता मागे फिरतो आणि नॉबच्या बाजूला पेट घेतो. बाटली धुण्याचा बारीक ब्रश नळीत आरपार फिरवा. जेटचं भोक मात्र तारेने कोरू नका, मोठं होतं. लाकडी टूथपिक पुरते.

बिडकाम

सरसकट रंग नको. ग्रिलमध्ये तीन वेगवेगळे धातू आणि तीन वेगवेगळी तापमानं आहेत, त्यामुळे प्रत्येक भागाचा उपाय निराळा.

झाकण आणि पेटी: अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. बाहेरून सिलिकॉन प्रकारचा, ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकणारा रंग चालेल, दोन पातळ हात. जाड हात दिला की पहिल्याच तापवणीत फुगतो. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही. डब्यावर दिलेल्या टप्प्यांनी तापवावा लागतो, तोवर नखानेही ओरखडतो. आतून काहीही रंगवू नका. ते काळे पोपडे रंगाचे नाहीतच, जळून कोळसा झालेल्या चरबीचे आहेत. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर अॅल्युमिनियमला अक्षरशः खातो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नका. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर वापरा, तोंडाला नीट बसणारा मास्क लावा.

बिडाच्या जाळ्या: आधी वायर ब्रश. मग ५ टक्क्यांचं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने बघा. रात्रभर ठेवू नका, गंज संपला की आम्ल बिडावर सुरू होतं. बाहेर काढल्यावर लिटरला एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढा आणि लगेच आचेवर सुकवा. इथे रेंगाळलात तर काही मिनिटांत केशरी झाक येते. कोमट असतानाच खाद्यतेल चोळा आणि जणू चुकून लागलंय असं समजून पुसून काढा. उरतो तेवढाच थर हवा, जास्त राहिलं तर चिकट बसतं. जाळी उलटी ठेवून २३० अंशांवर तासभर. असे तीन-चार थर द्या. जवसाच्या तेलाचा थर कडक होतो पण ठिसूळ, ग्रिलच्या आचेत त्याचे टवके उडतात. साधं रिफाइंड तेल बरं.

बर्नर: तेल नको, रंग नको. ब्रशने खपल्या काढा आणि प्रत्येक भोक मोकळं करा. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पातळ वाटणाऱ्या जागा दाबून बघा. टोक आत गेलं, किंवा दोन भोकं मिळून एक झाली असतील, तर तो बर्नर टाकूनच द्या.

स्क्रू: पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमची झीज. दोन धातू, मध्ये खारट ओल, की अॅल्युमिनियम आधी जातं. भेदक तेल (जाम आट्यांत झिरपणारं पातळ तेल) टाकून रात्रभर ठेवा. सकाळी ते पुसा आणि हॉट एअर गनने स्क्रूभोवतीचा भाग तापवा. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे स्क्रूची पकड सुटते. जोर लावून डोकं मोडण्यापेक्षा हे तीनदा केलेलं चांगलं. नवे स्क्रू स्टेनलेसचे घ्या, आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. तांब्याचं अँटी-सीझ अॅल्युमिनियमशी नको.

कोरडी हवा

बिडकाम यांच्याशी सहमत, पण माझ्या मते रंग-तेल हा दुय्यम भाग आहे. ग्रिल पावसाने जितका गंजत नाही तितका आतल्या ओलीने गंजतो.

एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंड ग्रिल पेटवून झाकण लावा, पहिल्या काही मिनिटांत झाकणाला आतून थेंब दिसतील. ग्रिल पूर्ण तापला की वाफ निघून जाते. मंद आचेवर थोडाच वेळ चालवून बंद केला की ती आत बसते. त्यात चरबी आणि राख, दोन्हींत मीठ, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. लाव्हा दगड सच्छिद्र असल्याने हे सगळं शोषून ठेवतात. म्हणूनच दगडांखालची पातळ जाळी सगळ्यात आधी तुटते. ती बदलाल तेव्हा स्टेनलेसच्या जाड गजांची घ्या.

काम संपलं की झाकण लावून १० ते १५ मिनिटं पूर्ण आच द्या. मग गॅस बंद करा, जाळी ब्रशने झाडा आणि झाकण उघडं ठेवूनच ग्रिल गार होऊ द्या. चरबीचा ट्रे त्याच दिवशी रिकामा करा. कव्हर पूर्ण गार झाल्यावरच. गरम ग्रिलवर ते वितळतं आणि वाफही कोंडतं.

कव्हरला वरच्या बाजूला जाळीदार झरोके हवेत आणि खालची कड जमिनीपासून १० सेंटिमीटर तरी वर हवी. चारी बाजूंनी घट्ट बांधलेली प्लास्टिकची ताडपत्री सगळ्यात वाईट: जमिनीतली ओल वर चढते, रात्री थंड धातूवर साचते आणि दिवसा बाहेर पडायला वाट नसते. पाऊस थांबला की कव्हर काढून दोन्ही वाळवा. समुद्राजवळ असाल तर बाहेरून गोड्या पाण्याने पुसत राहा, खाऱ्या वाऱ्याचा थर कव्हरखालीही काम करत असतो.

अंगणवासी

धन्यवाद. पायांच्या फोडांवर घासून प्रायमर मारला तर पुरेल? आणि मुठीला काय लावू?

बिडकाम

फोड तळाशी आहेत म्हणजे नळी बहुधा आतून गंजतेय. पाणी वरच्या उघड्या तोंडातून शिरतं आणि खालच्या प्लास्टिकच्या बुचात साठतं. बुचं काढा, पाय उलटा करून गंजाची भुकटी झटका आणि फोडाच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबा. आरपार गेला तर तेवढा तुकडा कापून नवी नळी जोडावी लागेल, वरून प्रायमर म्हणजे झाकाझाक.

धातू शाबूत असेल तर सगळ्यात खालच्या जागी ६ मिलिमीटरचं भोक पाडा, गाडीच्या पोकळ भागांत मारतात तो मेणाचा फवारा आत मारा आणि वरचं तोंड बुचाने बंद करा. पेटीजवळच्या वरच्या वीतभर भागात मेण नको, तापून ओघळतं आणि पेटू शकतं. बाहेरून जस्ताचा प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात. जस्ताचा प्रायमर फक्त पायांना. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, त्याची वाफ विषारी, त्यामुळे पेटीच्या आसपास तो नकोच. पाय थेट मातीवर न ठेवता फरशीवर ठेवा, पण भोक बुजणार नाही असं बघा.

मुठीला ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळणारं जवसाचं तेल, दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटते. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

निळी ज्योत

बरेच दिवस वापर नसेल तेव्हा लाव्हा दगड काढून कोरड्या जागी ठेवा आणि जाळ्यांना तेलाचा हात द्या. सिलिंडर सोडवून बाहेरच, उभा, हवेशीर जागी ठेवा; ग्रिल गॅरेजमध्ये नेलात तरी सिलिंडर आत नको. नळीच्या मोकळ्या तोंडाला टोपी लावा, नाहीतर तिथेही किडे घर करतात. पुन्हा जोडताना साबणाची तपासणी आणि बर्नरच्या नळीत ब्रश, दोन्ही नव्याने.