‘पेशीभक्षण’ की ‘निर्हरण’? एनॅमल घडतानाच्या एका क्रियेसाठी मराठी शब्द

प्रश्न : दाताचं एनॅमल घडवणाऱ्या ॲमेलोब्लास्ट पेशींपैकी बऱ्याच वाटेतच मरतात आणि मॅक्रोफेज (शरीरातल्या सफाई करणाऱ्या प्रतिकारपेशी) त्यांचे तुकडे गिळून जागा साफ करतात. याला ‘एफरोसायटोसिस’ म्हणतात. मराठीत ‘पेशीभक्षण’ चालेल का?

उत्तर : नको. ‘पेशीभक्षण’ फॅगोसायटोसिससाठी, म्हणजे पेशीनं बाहेरचा कण गिळण्यासाठी, रुळलाय आणि त्यात जिवाणू गिळणंही येतं. जिवाणू गिळला की मॅक्रोफेज दाह पेटवतो. मरणारी पेशी गिळली की टीजीएफ-बीटा, इंटरल्यूकिन-१० ही संदेशवाहक प्रथिनं सोडून दाह शमवतो. नेमका हाच फरक दाखवायला २००३ साली वेगळा शब्द घडवला गेला, लॅटिन ‘एफेरो’वरून : प्रेत उचलून दफनाला नेणं. आपल्याकडे धर्मशास्त्रात अगदी याच अर्थाचा शब्द तयार आहे, ‘निर्हरण’. म्हणून ‘मृतपेशी-निर्हरण’ सुचवतो.

दुसरं मत : ‘निर्हरण’ फारच चपखल, पण ‘मृत’ गाळा. मरणारी पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात, तरी पटल (पेशीचं बाहेरचं आवरण) शाबूत असतं. एरवी पटलाच्या आतल्या थरात असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेर येतं, तीच ‘मला उचला’ ही खूण. उचलायला उशीर झाला तर पटल फाटतं, आतली विकरं सांडतात आणि शेजारच्या ऊतीत दाह सुरू होतो. म्हणजे पेशी पुरती संपायच्या आत उचलण्यालाच महत्त्व आहे. नुसतं ‘पेशीनिर्हरण’ पुरे. शिवाय हे काम फक्त मॅक्रोफेजचं नाही, शेजारच्या साध्या पेशीही करतात. त्यामुळे व्याख्येत ‘प्रतिकारपेशींनी’ ही अट घालू नये.

प्रश्न : मग ‘अपोप्टोसिस’ला, म्हणजे पेशी अशी आक्रसून मरण्याला, कोणता शब्द?

उत्तर : ‘पेशीगळ’, ‘पानगळ’सारखा. १९७२ साली हा शब्द रूढ करताना ग्रीकमधला पानं-पाकळ्या गळण्याचाच अर्थ घेतला होता. ‘नियोजित पेशीमृत्यू’ हा व्यापक वर्ग आहे, त्यात इतर प्रकारही बसतात. दातांच्या लेखात ‘गळ’ने घोटाळा होईल ही भीती नको : मराठीत केस गळतात, दात पडतात.

वापर असा करा : ‘उंदराच्या पटाशीच्या दातात संक्रमण टप्प्यावर (एनॅमलचा थर पूर्ण जाडीचा झाल्यावर) सुमारे २५ टक्के ॲमेलोब्लास्ट गळतात, परिपक्वन टप्प्यात (एनॅमल कठीण होताना) आणखी तेवढेच, मॅक्रोफेज आणि शेजारच्या पेशी त्यांचं निर्हरण करतात.’