टीव्हीच्या डब्ब्यावर सिनेमा लावता लावता जीव गेला राजेहो

घाटंजीवाला: कापूस विकल्यावर ऑनलाइन अँड्रॉइड डब्बा मागवला, जुन्या टीव्हीले एचडीएमआयनं जोडला. कोडी (सिनेमे चालवाचं ॲप) त्याच्यात आधीपासूनच होतं, पेनड्राइव्हवरचे सिनेमे झकास चालतात, त्याची तक्रार नाई. पण महिन्याचे पैसे भरतो त्या ॲपवर लावलं का चित्र पुसट, अन् रिमोटच्या बटणानं काहीच सरकत नाई, माऊसचं बटण दाबून तो बाण ढकलत ढकलत न्या लागते. सिनेमाचं नाव टाइप करता करता बाबा घोरून रायले असतात. ते म्हणतात छत्री बरी होती, नंबर दाबला का चॅनल. नेट २० एमबीपीएसचं हाय, कमी पडते का?

वर्धा_केबल: नेट भरपूर हाय भाऊ. नेटफ्लिक्सवालेच १०८०पी साठी ५ सांगतात, ४के ले १५. तुझ्या डब्ब्यात मोबाइलचं ॲप कोंबलं असन, ते बोटानं चालवाले बनवलं, रिमोटले ते काय ऐकन? अन् पुसट दिसते ते वाइडवाइनमुळं, म्हणजे सिनेमाची चोरी होऊ नाई म्हणून ॲपवाले वापरतात ते कुलूप. प्ले स्टोअरवरून डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाक अन् त्यात वाइडवाइनची सिक्युरिटी लेव्हल पाय. एल३, म्हणजे सगळ्यात खालची लेव्हल, दिसलं तर मोठे ॲप एचडी देतच नाईत, ४८०पीच्या आसपास अडवतात, मंग नेट १०० चं घे का २०० चं.

पांदण_रस्ता: कोडीतच त्या ॲपचं ॲडऑन (वरून जोडाचा भाग) टाक ना, सगळं एका जागी येते

वर्धा_केबल: मी केलं होतं ते, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर लिब्रेइलेक (नुसतं कोडी चालवाची सिस्टीम) टाकून. चालते, नाई म्हणत नाई. पण तिथंही एल३ च, अन् ॲडऑन त्या कंपनीचं नसते, हौशी पोट्ट्यांनी बनवलेलं असते, कंपनीनं तिकून काही बदललं का इकडं लॉगिन बंद. आपण करत बसू, बाबांले कोण सांगन?

ताई_पुसद: आमच्याकडं सासूबाईंसाठी टीव्हीला खोचायची, माइकवाला रिमोट असलेली स्टिक घेतली, नाव बोलल्या का सिनेमा समोर. घेताना नुसतं अँड्रॉइड टीव्ही लिहिलंय का एवढं पाहू नका हं, तुमचं ॲप त्याच्यावर एचडी चालतं का ते वेगळं विचारा, काहींना त्या ॲपवाल्यांची मान्यता नसते. आणि लाइट गेली की राउटरही जातो, त्याला छोटा यूपीएस लावून घ्या, आमच्याकडं तर रोजचंच आहे.

घाटंजीवाला: पाह्यलं, एल३ च निघालं. परत कराची तारीख कवाच निघून गेली. आता बाबांसाठी स्टिक मागवतो अन् डब्बा वावरातल्या खोलीत पेनड्राइव्हसाठी. पण ४ जीबीच्या वरची फाइल पेनड्राइव्हवर चढतच नाई, जागा असून, ते काऊन?

वर्धा_केबल: एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला हाय तो पेनड्राइव्ह, त्याले एक फाइल तेवढीच झेपते. एक्सएफएटी मध्ये फॉरमॅट कर, पण आतलं आधी काढून ठेव बावा, अन् डब्बा ते वाचते का एका रिकाम्या पेनड्राइव्हवर पाहून घे.